उम्म सदफची उंची

उम्म सदफवर पहिल्या दिवशी हे होतं : खजुराच्या झावळ्यांची एक झोपडी, तिचे सहा खांब, त्यांतले दोन तळाशी कुजलेले. पावसाचं पाणी साठवायचा दगडी हौद एक, कोरडा. तीन दगडांची चूल एक. तिवरांची झुडपं चौदा, सगळी पूर्वेच्या कडेला. मासे मारणाऱ्या घारीचं घरटं एक, रिकामं. कबरी सात. आणि मधोमध शिंपल्यांचा एक ढीग, सतरा पावलं लांब, नऊ पावलं रुंद, ऐंशी सेंटिमीटर उंच. कडेकडेने चालत फेरी मारली तेव्हा तीनशे शहाऐंशी पावलं झाली.

हे सगळं मी वहीत लिहिलं. ते बेट आहे की नाही हे लिहिलं नाही, कारण तेच ठरवायला आम्ही आलो होतो.

तांबड्या समुद्राच्या दक्षिणेला, जिझानच्या किनाऱ्यापासून बोटीने दीडेक तासावर फरासान बेटं आहेत. मोठ्या बेटावर गाव, शाळा, दवाखाना आणि मुहाफजा, म्हणजे साऱ्या बेटांचा कारभार पाहणारी कचेरी. कचेरीला सगळ्या बेटांची एकच पक्की यादी हवी होती. आमच्या कंपनीकडे त्यातला एक लहान पट्टा आला. त्या पट्ट्यात जुन्या नकाशाप्रमाणे एकतीस बेटं होती, मासेमारीच्या परवान्यांच्या वहीप्रमाणे सत्तावीस, आणि उपग्रहाच्या चित्रावरून मी स्वतः मोजली तर अडतीस. उम्म सदफ एका यादीत बेट होतं, दुसरीत खडक, आणि तिसरीत मी ते चुकून दोनदा धरलं होतं.

नियम एका ओळीचा होता. निसर्गाने तयार झालेली जमीन, जी वर्षातल्या सर्वांत मोठ्या भरतीलाही पाण्यावर राहते, ते बेट. बेटाला क्रमांक मिळणार. क्रमांक असेल तिथे ज्यांचा जुना वापर आहे त्यांना उतरायची परवानगी. बाकीचं सगळं खडक म्हणून राखीव. तिथे बोट लावायची नाही.

आम्ही तिघं होतो. मी, चंदन, रत्नागिरीच्या कॉलेजातून भौतिकशास्त्र शिकलेला आणि वर नकाशांचा एक डिप्लोमा. भिकूकाका जयगडच्या खाडीवरचे, वय बावन्न. तीस वर्षं पाण्यात मोजपट्ट्या रोवण्यात गेली होती, त्यामुळे घोट्यांवर पांढरे डाग. हुसेनमियाँ दाभोळचे. इंजीन त्यांचं, गाडी त्यांची, चूलही त्यांची. चोवीस वर्षांत त्यांचे तीन कफील, म्हणजे व्हिसा देणारे अरब मालक, झाले होते. गावातल्या एका घराच्या मागच्या खोलीत आम्ही राहायचो. तीन खाटा, एक एसी. एसी चालू केला की विजेची चूल पेटवता येत नसे, कारण खोलीचा दिवाच जायचा.

बोट अलीची होती. अली तिथलाच, पंचेचाळिशीचा. बोलायला तुटकी हिंदी, जी त्याने मोटारीच्या गॅरेजातल्या भारतीय कामगारांकडून उचलली होती. उम्म सदफवरची झोपडी त्याच्या आईची. सातांपैकी एक कबर त्याच्या आजोबांची.

"पूरा उन्हाळा आम्ही तिथे राहतो," त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे तो "सैफ में" म्हणाला होता, आणि हुसेनमियाँनी आम्हाला मराठीत सांगितलं. "आईला इकडे घरात झोप लागत नाही. तिकडे लागते."

"आणि बाकीचं वर्ष?" मी विचारलं.

"शिता में उधर कोई नहीं जाता."

"थंडीत कोणी जात नाही म्हणतो," हुसेनमियाँ म्हणाले.

भिकूकाका हसले. "थंडी? हितं? अंगावर शर्ट ठरत नाय आणि ह्येंना थंडी वाजते."

अलीही हसला, कारण आम्ही हसत होतो.

ऑगस्टातले ते अकरा दिवस घामाचेच होते. सकाळी पाचला निघायचं, दहाला अंगावरचं मीठ पांढरं व्हायचं. भिकूकाका लोखंडी मोजदांडा खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यात उभे राहायचे आणि मी तिपाईवरून वाचायचो. प्रवाळाच्या खडकात आम्ही एक खिळा ठोकला, त्याच्या डोक्याला शून्य म्हटलं. त्याच्या शेजारी पाण्यात खांब रोवला आणि त्यावर पाण्याची पातळी दर दहा मिनिटांनी लिहून ठेवणारी नळी बांधली. ढीग सोडून बेटाच्या सपाटीवर मी बेचाळीस ठिकाणी उंची घेतली. उन्हात दुर्बिणीतली रेघ हलायची, म्हणून प्रत्येक ठिकाण तीनदा.

प्रश्न एवढाच होता की वर्षातली सर्वांत मोठी भरती कुठली. वर्षभर थांबायला कोणी देणार नव्हतं.

"त्यात काय थांबायचं?" भिकूकाका म्हणाले. "नारळी पुनवेचं उधाण बघ. त्येच्या वर पाणी जात नाय. आमच्या खाडीत बाबांनी जेटीवर रेघ मारलेली हाय, पन्नास वर्सांत ओलांडली नाय."

मला ते पटलं. जयगड, दाभोळ, हर्णै, सगळीकडे श्रावणातलंच उधाण मोठं हे मीही लहानपणापासून पाहिलं होतं. एकोणीस ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती. त्या दिवशी भिकूकाकांनी जिझानच्या मल्याळी दुकानातून आणलेला नारळ बोटीच्या मागच्या बाजूने पाण्यात सोडला. हुसेनमियाँ तेवढा वेळ इंजिनाचं झाकण उघडून बसले.

"खाने की चीज़ क्यों फेंका?" अलीने विचारलं.

"मछली को," हुसेनमियाँ झाकणातून म्हणाले.

"हमारा मछली नारियल नहीं खाता."

"खाईल. शिकेल," भिकूकाका म्हणाले.

त्या दिवशीचं आणि नंतरच्या दोन दिवसांचं पाणी मी पाहिलं. भरतीची रेघ सपाटीच्या सर्वांत उंच जागेखाली एकवीस सेंटिमीटरवर थांबली. अहवालात मी लिहिलं : वर्षातील उच्चतम भरतीच्या वर एकवीस सेंटिमीटर. बेट. खाली सही केली.

ऑक्टोबरात क्रमांक आला. अली तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून आमच्या खोलीवर दाखवायला आला. आईने भाजलेला मासा आणि रोटी पाठवली होती, रोटी अजून गरम. कागदावर शिक्का होता, एकोणतीस हा आकडा होता आणि बेटाचं नाव. अलीने ते नाव बोटाने दोनदा वाचलं. पुढच्या महिनाभरात त्याने बंदरावर नवे खांब तासून ठेवले आणि एका शांत दिवशी ते बेटावर नेऊन झोपडीचे कुजलेले दोन्ही खांब बदलले.

दोन महिने आम्ही पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला होतो. जानेवारीत विद्या मॅडमचा जेद्दाहून फोन आला. त्या प्रकल्पाच्या इंजिनीअर, मूळच्या पुण्याच्या.

"चंदन, नळ्या काढून आणायच्यात. डेटा उतरव आणि सोळा तारखेपर्यंत पाठव. फायनल यादी जातेय."

बारा तारखेला आम्ही उम्म सदफला गेलो. अलीने नेहमीच्या जागी बोट लावली नाही. तो थोडा अलीकडे थांबला आणि नांगर टाकला. मी उतरलो तर पाणी पोटरीपर्यंत होतं, आणि पायाखाली झुडपांची मुळं होती, ऑगस्टात ज्यांच्या शेजारी कोरड्या जागी मी तिपाई ठेवली होती ती.

मला वाटलं, आपण चुकीच्या बेटावर आलो.

"ह्येच हाय," भिकूकाका म्हणाले. ते कबरींकडे बघत होते. कबरी ढिगाच्या उताराला होत्या, त्यांतल्या खालच्या दोन कबरींच्या दगडांना पाणी लागत होतं.

मी बोटीत बसून नळीतले आकडे उतरवले. ऑगस्ट, सप्टेंबर खाली. ऑक्टोबरच्या मध्यापासून रेघ चढायला लागली, आणि चढतच गेली. भरती चढली तशी ओहोटीही चढली. सगळं पाणीच वर आलं होतं. आतापर्यंतची सर्वांत मोठी भरती सपाटीच्या वर तेरा सेंटिमीटर.

"खांब खचला असंल," भिकूकाका म्हणाले. "वाळू हाय खाली. मी तेव्हाच बोललेलो, अजून हातभर ठोकूया."

आम्ही तिपाई लावली. खिळ्याचं डोकं आणि खांबाचं डोकं, दोन्ही वाचली. भिकूकाकांनी दांडा दोन्ही हातांनी सरळ धरला होता. फरक ऑगस्टात होता तेवढाच, तीन मिलिमीटर इकडेतिकडे. खांब हलला नव्हता. खडक हलला असेल म्हणून मी पुन्हा वाचलं. मग नळी बिघडली असेल म्हणून दांड्यावर हाताने पाणी मोजलं. नळी बरोबर होती.

"आसं कसं?" भिकूकाका दांड्याला म्हणाले. "पौष महिना हा. पौषात कसलं उधाण?"

मी अलीकडे वळलो. "अली, हर साल ऐसा होता है?"

"हर साल. शिता में पानी उपर, सैफ में नीचे."

"तो बताया क्यों नहीं?"

"बताया," अली म्हणाला. "बोला, शिता में उधर कोई नहीं जाता." मग तो म्हणाला, "तुम पूछा नहीं क्यों. मैं सोचा, तुम पानी नापने वाला आदमी है, पानी मालूम होगा."

 त्या संध्याकाळी मी जे वाचायला हवं होतं ते वाचलं. या समुद्रात पाण्याची पातळी हिवाळ्यात वर असते आणि उन्हाळ्याच्या शेवटी खाली. वाऱ्यांमुळे, आणि बाष्पीभवनामुळे. फरक हातभर नाही, पण वीतभराहून जास्त. चार ओळींचा परिच्छेद होता. तो मला ऑगस्टातही उघडता आला असता.

"माझं नाव लिही," भिकूकाका खाटेवरून म्हणाले. "म्हातारा बोलला नारळी पुनव, म्हणून चुकलं असं लिही. मला काय, नोकरीची दोन वर्सं राहिलीत."

"सही माझी आहे, काका."

"सायन्स शिकलेला तू. माझं ऐकलंस कशाला?"

 हुसेनमियाँनी चूल पेटवण्यासाठी एसी बंद केला. विद्या मॅडमना मी फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे सपाटी पाण्याखाली."

"हो. ढीग वर राहतो. ढीग चांगला साठ-पासष्ट सेंटिमीटर वर आहे."

"कसला ढीग?"

"शिंपल्यांचा. अलीचे आजोबा, पणजोबा मोती काढायचे. शिंपले उघडून तिथेच टाकायचे."

"मग ती माणसाने टाकलेली भर झाली. ती धरता येत नाही, चंदन. नियमात नॅचरली फॉर्म्ड लिहिलंय."  "ढिगाच्या खाली काय आहे?"

"माहीत नाही."

"बघ. खाली नैसर्गिक वाळू असेल आणि ती पाण्याच्या वर असेल, तर बेट. नसेल तर मला क्रमांक परत घ्यायला सांगावं लागेल. लहान खड्डा घ्या, परत बुजवा. कचेरीची परवानगी मी उद्या सकाळी मागते."

मी आकडेमोड केली. त्या मोसमातली सर्वांत मोठी भरती चौदा तारखेला दुपारी एकच्या सुमाराला यायला हवी होती.

परवानगी तेराला आली. अलीला मी बंदरावर सांगितलं. तो बोटीच्या दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधत राहिला.

"कागज वापस लेगा?"

"अभी मालूम नहीं."

"अम्मी सबको दिखाया," तो म्हणाला. "मस्जिद के सामने बैठने वाला, दुकान वाला, सबको."

मग त्याने आईला फोन केला. बराच वेळ तीच बोलत होती. फोन ठेवून अली म्हणाला, "बोलती है, कबर की तरफ नहीं खोदना. और खोदेगा मैं, तुम नहीं."

चौदाला सकाळी आठला आम्ही ढिगावर होतो. सपाटीच्या सखल भागात टाचेएवढं पाणी आधीच होतं, झोपडीच्या नव्या खांबांभोवती ते चुळबुळत होतं. चुलीचे तीन दगड तळाशी भिजले होते. कबरींच्या विरुद्ध बाजूला, ढिगाच्या माथ्यावर मी अर्धा मीटर चौरसाची दोरी आखली. अलीने कुदळ घेतली, पण कुदळीने शिंपले फुटून उडायला लागले, तेव्हा ती ठेवून तो गुडघ्यांवर बसला आणि हातांनी काढायला लागला. भिकूकाका घमेलं भरून बाजूला ओतत होते. शिंपल्यांच्या कडा धारदार होत्या. अर्ध्या तासात अलीच्या बोटांतून रक्त यायला लागलं.

"हातमोजे घाल रे बाबा," हुसेनमियाँ म्हणाले आणि त्यांनी इंजिनाचे तेलकट हातमोजे पुढे केले. अलीने ते घेतले आणि शेजारी ठेवले.

वरचे शिंपले हाताच्या पंजाएवढे होते, आतून अजून चकाकणारे. खाली लहान. मग माशांची हाडं, कोळशाचे तुकडे, एका मडक्याचा काठ. मडक्याचा काठ अलीने शर्टाला पुसून बाजूला ठेवला. मी दर दहा सेंटिमीटरला खोली लिहीत होतो आणि माझ्या मनात सारखं येत होतं की खाली वाळू लागलीच नाही तर? शिंपलेच शिंपले, पार पाण्याखालपर्यंत? मग हे सगळं बेटच अलीच्या माणसांनी केलेलं ठरेल, आणि म्हणूनच ते बेट नाही असं मला लिहावं लागेल. मी ते मनात उलटसुलट करून पाहिलं. दोन्हीकडून ते चुकीचंच वाटत होतं.

"शिंपले काय माणसाने बनवले?" भिकूकाका घमेलं ओतत म्हणाले. "समुद्रानेच बनवले ना? माणसाने नुसते इकडचे तिकडं टाकले."

"नियम तसा नाही, काका."

"नियम जेद्दाला. ढीग हितं."

"तू गप घमेलं उचल," हुसेनमियाँ म्हणाले. "आणि आज तुमची संक्रांत हाय. तीळगूळ नाय माझ्याकडं, ही खजूर घे आणि गोड बोल." त्यांनी एक भिकूकाकांच्या तोंडात घातली, एक मला दिली. अलीला द्यायला हात पुढे केला. अलीचे दोन्ही हात खड्ड्यात होते, त्याने मान वर करून तोंडाने घेतली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी अलीचा आवाज आला, "रमल."

वाळू. पिवळसर, बारीक, तिच्यात शिंपला नव्हता. मी खड्ड्यात उतरलो, तळ ब्रशने साफ केला, चिमूटभर वाळू वहीच्या पानावर घेऊन भिंगातून पाहिली. प्रवाळाचे गोल घासलेले कण. समुद्राने आणून टाकलेली वाळू. माणसाची काहीही खूण नाही. भिकूकाकांनी दांडा त्या वाळूवर उभा केला आणि मी खिळ्याशी ताडून पाहिलं. शिंपल्यांची जाडी एकोणसाठ सेंटिमीटर. त्याखालची वाळू आजूबाजूच्या सपाटीपेक्षा एकवीस सेंटिमीटर उंच. ढिगाने तिला लाटांपासून झाकून ठेवलं असावं. पण आतापर्यंतचं पाणी तेरापर्यंत आलं होतं, आणि आजचं अजून यायचं होतं. माझ्या हिशेबाने ते सोळा ते बावीसमध्ये कुठेही थांबू शकत होतं.

"हिशेब नको," भिकूकाका म्हणाले. "डोळ्याने बघू."

खड्ड्याच्या कोपऱ्यात अलीने त्यांच्या सांगण्यावरून एक लहान भोक केलं, वाळूत, हातभर खोल. शिंपल्यांतून आणि वाळूतून समुद्र आतल्या आत येत होता. भोकात पाणी दिसायला लागलं. मी त्याच्या काठाशी पट्टी रोवली. वाळूच्या माथ्याला शून्य. पाणी किती खाली आहे ते वाचायचं. पट्टीची चूक जास्तीत जास्त एक सेंटिमीटर.

पावणेबाराला पाणी चौदा सेंटिमीटर खाली होतं.

बाराला अकरा.

आता सपाटी पूर्ण बुडाली होती. बोट नांगरावर फिरून आमच्याकडे तोंड करून उभी होती. बेटावर कोरडं एवढंच राहिलं होतं, ढीग, त्यावर सात कबरींपैकी पाच, आणि आम्ही चौघं. झोपडी चारही बाजूंनी पाण्यात होती आणि वारा आला की झावळ्यांचा आवाज व्हायचा. ढिगाच्या कडेचे शिंपले पाण्याबरोबर किणकिणत होते. ऊन फार नव्हतं, तरी भिकूकाकांच्या कपाळावरून घाम गळत होता.

सव्वाबाराला आठ.

हुसेनमियाँनी नमाज पढायची जागा ढिगाच्या माथ्यावर साफ केली. अली त्यांच्या शेजारी उभा राहिला. मी आणि भिकूकाका खड्ड्यापाशी उकिडवे बसलो होतो. नमाज संपल्यावर अली आला, खड्ड्याच्या काठावर बसला आणि त्याने भोकात पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"कितना?"

"छह."

"उपर आएगा?"

"थोडा आएगा."

बारा पस्तीसला पाच. मग सहा वाचलं, मग पुन्हा पाच. बाहेर लाटा आल्या की आत पाणी थरथरायचं, म्हणून मी प्रत्येक वाचन दहादा घेऊन सरासरी काढत होतो. 

फोन वाजला. अलीची आई. अलीने तो कानाला लावला, ऐकलं, खड्ड्याकडे धरला, जणू तिला तिथला आवाज ऐकवायचा होता. मग पुन्हा कानाला लावला आणि म्हणाला, "सब्र, यम्मा."

भिकूकाकांनी बाहेरच्या खांबाकडे बोट केलं. खांबाशी तरंगत असलेलं गवत इतका वेळ पूर्वेकडे सरकत होतं. ते एका जागी थांबलं होतं.

"भरलं," ते म्हणाले. "आता वाच."

बारा पन्नासला वाचलं. एक वाजता वाचलं. एक वाजून दहा मिनिटांनी वाचलं. तिन्ही वेळा तोच आकडा आला, आणि मी तो तारीख, वेळ घालून वहीत लिहिला.

पाणी वाळूच्या माथ्याखाली चार सेंटिमीटर.